पांढऱ्या पेटीतली दुपार

"ओलं फडकं गुंडाळून पाह्य ना त्याले," सोमारी दारातून नवऱ्याला म्हणाली. "पोट्ट्याले ताप आला तं कपाळावर ठेवतोच का नाई आपण?"

पोचू कोवेने टॅब उताणा करून एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर घेतला, निखाऱ्यावरून काढलेले कणीस घ्यावे तसा. पडद्यावर तापमापकाचे लाल चित्र उमटले होते. त्याखाली मजकूर होता : उपकरण अतिशय गरम झाले आहे, थंड होईपर्यंत वापरता येणार नाही. हवामान निरीक्षकाला तापमापकाचे चित्र दाखवून सुट्टी मागणारे हे यंत्र त्याला थोडे आगाऊच वाटले.

"ओलं लावाचं नाई. पाणी शिरते म्हणते."

"मंग दवाखान्यात ने," सोमारी म्हणाली आणि मोहफुलांची टोपली घेऊन आत गेली. घरात नवे काही आले की ती त्याच्याशी, नव्या सुनेशी वागावे तशी वागत असे. पहिले काही दिवस कौतुक, मग टोमणे. टॅबचे कौतुकाचे दिवस संपले होते.

कोसमबोडीचे धान-बीज प्रक्षेत्र चामोर्शीच्या रस्त्यावर आहे. त्याच्या एका कोपऱ्यात, तारेच्या कुंपणाआड, चार उंच पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी असते. चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्या, वर दुहेरी छप्पर, उत्तरेला दार. नवख्या माणसाला ते कोंबड्यांचे खुराडे वाटते, आणि बसमधून जाणारे बरेच जण आयुष्यभर तसेच समजत राहतात. आत चार तापमापक असतात. सकाळी साडेआठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी साडेपाच वाजता ते वाचणे, एवढीच पोचूची नोकरी होती आणि ती त्याने उभी हयात केली. साळ्याच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा तो पेटीपाशी होता. मुलीच्या, करिश्माच्या, लग्नाची वेळ ठरवताना गावचा पुजारी भुमक याने न विचारताच दुपारचे साडेतीन सांगितले, कारण त्याआधी वधूपिता मांडवात सापडणार नाही हे त्यालाही ठाऊक होते.

प्रशिक्षणात त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. दिसेल ते लिहायचे, वाटेल ते नाही. आणि दार उघडताना श्वास रोखायचा, कारण माणसाच्या उच्छ्वासानेही पारा हलतो. पहिली गोष्ट त्याने कामापुरती ठेवली नाही, त्यामुळे गावात तो थोडा अडचणीचा माणूस ठरला होता. भुताच्या गोष्टी रंगात आल्या की लोक त्याला पाहून विषय बदलत. त्याने कधी कुणाची थट्टा केली नाही. तो फक्त विचारत असे, "तुमी सोता पाह्यलं काय?"

या उन्हाळ्यात वरून हुकूम आला की आता आकडे टॅबवर भरायचे आणि सोबत तापमापकाचा फोटोही पाठवायचा. टॅब काळा होता, त्याला वरून काळ्याच रबराचे जाड कव्हर होते आणि त्याची परीक्षा कुठल्याशा गार खोलीत झाली असावी. मे महिन्यातल्या अडीचच्या उन्हात तो पेटीपर्यंत पोहोचताच मान टाकत असे. पोचूने प्रक्षेत्राचे अधिकारी प्रणित सरांना फोन केला. सर भद्रावतीच्या आयुधनिर्माणी वसाहतीत वाढलेले, वयाने करिश्माएवढे, आणि प्रश्नाचे उत्तर कारणासकट देणारे. त्यांनी सांगितले की रेंज कमी असली की टॅब फोटो पाठवायला जोर लावतो आणि आतून तापतो. ऊन बाहेरून तापवते. दोन्ही मिळून हा प्रकार होतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल्यात ठेवू नका. कोरडी जागा पाहा, जिथे ऊन अजिबात शिरत नाही आणि वारा मात्र खेळता राहतो.

सूचना निर्दोष होती. पोचूनेही ती तितक्याच निर्दोषपणे पाळली. घराला टिनाचे छप्पर होते, म्हणजे ती भट्टीच. गोदामात वारा नव्हता. कडुनिंबाखाली सावली होती, पण माकडे होती. ऊन शिरत नाही, वारा अडत नाही, ओल नाही आणि कुलूप लागते, अशी प्रक्षेत्रात एकच जागा होती आणि तिची किल्ली त्याच्याच कमरेला होती.

त्या दिवशी अडीचला त्याने श्वास रोखून पेटीचे दार उघडले. साधा तापमापक शेहेचाळीस पूर्णांक दोन दाखवत होता. शेजारच्या, ओल्या चिंधीतल्या तापमापकाचाही आकडा त्याने पाहिला आणि दोन्ही कागदावर टिपले. वाचन झाले होते. मग त्याने तो तापलेला टॅब पेटीच्या तळावर आडवा ठेवला, दार लावले आणि निंबाखाली जाऊन बसला. अर्ध्या तासाने टॅब पुरेसा थंड झाला होता. आकडे गेले, फोटो गेला. घरी येऊन त्याने सोमारीला सांगितले की औषध सापडले. ती म्हणाली, "पेटीत निजवलं तं निजलं म्हणजे. लाडाचंच हाये."

साडेपाचला त्याने कमाल तापमापक पाहिला. तो इतरांसारखा उभा नसतो, आडवा असतो. डॉक्टरच्या थर्मामीटरसारखी त्याच्या नळीत एक चिंचोळी मान असते, त्यामुळे वर चढलेला पारा आपण होऊन उतरत नाही. दिवसभरात जास्तीत जास्त किती तापले, ते तो धरून बसतो. हाताने झटके द्यावेत तेव्हाच सोडतो. पारा अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊवर होता. पोचूने डोळा समपातळीत आणून पुन्हा पाहिले. तेवढाच. दिसेल ते लिहायचे. त्याने लिहिले, फोटो काढला, पाठवला. पाठवलेले परत बोलावता येत नव्हते.

अडीचनंतर पारा थोडा चढतो हे त्याला माहीत होते. पण इतकी उडी त्याने कधी पाहिली नव्हती. दिवेलागणीला आंबील पिताना त्याने बाजूला पडलेला टॅब चार्जिंगला लावण्यासाठी उचलला, आणि त्याच्या पाठीची ऊब बोटांना लागली. आंबिलीचा गडगा तसाच हातात राहिला. टॅब जिथे ठेवला होता, त्याच्या बरोबर वर, चार बोटांवर, कमाल तापमापकाचा पारा होता. दुपारचे वाचन झाले म्हणून तो निश्चिंत झाला होता. पण ते वाचन दोघांचेच झाले होते. तिसरा दिवसभर मोजत होता. श्वासाची ऊब लागू नये म्हणून जन्मभर दम रोखणाऱ्या माणसाने त्याच्याखाली शेगडी ठेवली होती.

त्याने सरांना फोन लावला. लागला नाही. सकाळी पुन्हा लावायचे ठरवले; पण सकाळी बातमी त्याच्याआधी गावात पोहोचली होती.

झिंगूच्या चहाटपरीवर माणसे फोनभोवती गोळा झाली होती. देशात कालचे सर्वांत जास्त तापमान कोसमबोडीला नोंदवले गेल्याची बातमी होती. बातमीतले गावाचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी चुकले होते, तरी ते आले होते. ज्या गावाचा पत्ता सांगताना आजवर तीन गावे आधी सांगावी लागत, त्याने चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीला मागे टाकले होते. झिंगूने पोचूपुढे कप ठेवला. "चंद्रपूरले हारवलं जी आपण, पोचूभाऊ," तो म्हणाला, जणू रात्री जागून पारा दोघांनी मिळून वर ढकलला होता.

पोचू बोलायला तोंड उघडणार, तोच सरपंच कमळाबाई आल्या. कमळाबाईंचा आवाज नळाच्या पाळ्या लावून लावून घडला होता. प्रक्षेत्राच्या फाटकासमोर बस थांबते. तिथे ना झाड, ना शेड. चामोर्शीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळे तासन् तास डोक्यावर पदर नाहीतर दुपट्टा घेऊन उभे असत. मागच्या उन्हाळ्यात सुकलू म्हातारा तिथेच कोसळला होता. वाचला, पण तेव्हापासून त्याचा ओठ वाकडा झाला आणि जीभ जड पडली. थांब्यावर सावली करून द्या म्हणून बाई किती वर्षे तालुक्याच्या पायऱ्या चढत होत्या, ते त्यांनाही सांगता आले नसते. आज सकाळी तालुक्याहूनच त्यांना फोन आला होता. सर्वांत उष्ण गाव म्हणून कोसमबोडीचे नाव उष्माघाताच्या यादीत पहिले लागणार. शेड आणि पाणपोई पावसाआधी होणार.

"माह्या पायानं झालं नाई, ते तुमच्या पाऱ्यानं केलं, भाऊ," त्या म्हणाल्या.

पोचूने चहा संपवला. एवढ्या लोकांत त्याला ते सांगता आले नाही. तो घरी आला आणि सोमारीला सगळे सांगितले.

सोमारीने मोहफुले निवडणे थांबवले नाही. तिचे म्हणणे सरळ होते. गरमी होतीच. आकडा दोन बोटे इकडे की तिकडे, त्याने कुणाचे पोट दुखत नाही. पोचूने तिला समजावले की दोन बोटांवरच ही नोकरी उभी आहे. नाहीतर गरम होते का थंड हे सांगायला माणूस कशाला ठेवला असता, बकरीही सांगते. यावर तिने टोपलीतला काडीकचरा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "आकडा खोटा असन. पण सावली तं खरीच पडन ना?"

पोचू बाहेर ओट्यावर येऊन बसला. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. एक गप्प बसणे, आणि गावाला सावली, त्याला नाव. त्याने ते सगळे मनाशी नीट मांडून पाहिले. सुकलूचा वाकडा ओठ त्याला दिसत राहिला. मग त्याला आठवले की यंदाचा आकडा पुढच्या कितीतरी उन्हाळ्यांच्या शेजारी बसणार. प्रत्येक उन्हाळा त्याच्याशी ताडून पाहिला जाणार, आणि खऱ्या आगीचा दिवस येईल तेव्हा कुणीतरी म्हणेल, याहून जास्त कोसमबोडीला होते. तेव्हा सांगायला तो नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणित सर तपासणीची माणसे घेऊन आले. असा मोठा आकडा आला की तपासणी होतेच. त्यांनी आपला प्रमाण तापमापक आणला होता. तो कमाल तापमापकाशी ताडला, तंतोतंत जुळला. पेटीचा रंग, पट्ट्या, दाराची दिशा, जमिनीपासूनची उंची, सगळे पाहिले. कुठेच खोट निघाली नाही. ती निघणारही नव्हती, कारण खोट पेटीत नव्हती, पोचूच्या हातातल्या पिशवीत होती. कुंपणाबाहेर कमळाबाई, झिंगू आणि निम्मे गाव उभे होते. सरांनी पोचूला पेटीशेजारी उभे राहायला सांगितले. फोटो हवा होता. जाताजाता असा विक्रम नावावर लागणे फार थोड्यांच्या नशिबी येते, असेही ते म्हणाले.

"थांबा जी, सर. पहिले एक करून दाखवतो."

त्याने कमाल तापमापकाचा तोवरचा आकडा टिपला, मग झटके देऊन पारा उतरवला आणि तो जागेवर ठेवला. थोडा वेळ जाऊ दिला. पारा चढून साध्या तापमापकाच्या बरोबरीला आला, तो सगळ्यांना दाखवला. मग पिशवीतून टॅब काढला. तो उन्हात चालू ठेवून आणला होता. पडद्यावर ते लाल चित्र होते. पेटीच्या तळावर, त्याच जागी, तो आडवा ठेवून त्याने दार लावले.

"हे काय करून राह्यले, भाऊ?" प्रणित सरांनी विचारले. पण प्रश्न पूर्ण होईपर्यंत त्यांच्या आवाजातून प्रश्नचिन्ह गळून पडले होते.

सगळे निंबाखाली थांबले. झिंगूने आणलेला चहा किटलीतच राहिला. अर्ध्या तासाने दार उघडले तेव्हा साधा तापमापक जवळजवळ होता तिथेच होता. कमाल तापमापक त्याला अडीच अंशांनी मागे टाकून वर बसला होता.

"परवा हेच केलं जी मी. दुपारचं वाचन झालं होतं, म्हणून ठेवला. हा दिवसभर मोजते, हे ध्यानातच नाई आलं."

प्रणित सर टॅबकडे पाहत राहिले. "कोरडी जागा, सावली, वारा," ते स्वतःशीच म्हणाले. "ही जागा मीच सांगितली की तुम्हाला. फक्त नाव घेतलं नाही." मग ते हसले, आणि पोचूच्या छातीवरचे ओझे निम्मे उतरले. तपासणीला आलेल्यांपैकी एकाने सुचवले की परवाचे आजूबाजूचे आकडे पाहून अंदाजाने सत्तेचाळीसच्या आसपास धरता येईल. रकाना रिकामा राहिला तर वाईट दिसते.

पोचूने मान हलवली. "अंदाज मांडाचा असन तं तुमी मांडा जी, तुमच्या कागदावर. मी नाई पाह्यलं. माह्या हातानं रकाना रिकामाच राहू द्या."

सरांनी त्या दिवसाच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. पोचूच्या साऱ्या नोकरीतली ती एकच रेघ.

कमळाबाई तारेपाशी आल्या. त्यांना सगळे कळले होते. खात्री मात्र करून घ्यायची होती. "मंग खरं किती होतं, भाऊ?"

"मालूम नाई, बाई."

"सारी जिंदगी त्या पेटीत डोस्कं घालून बसले, अन् मालूम नाई म्हणता?"

"त्या दिवसाचं नाई मालूम."

बाई वळल्या. त्यांची चप्पल लांबपर्यंत ऐकू येत राहिली.

बातमी ज्या वेगाने आली होती, त्या वेगाने गेली नाही. खुलासा कुणी छापला नाही. पण तालुक्याला कळले आणि शेड यादीत खाली गेली. पुढचे काही दिवस पोचूला टपरीवर चहा नेहमीसारखाच मिळत होता, टोमणे मात्र जास्तीचे. "च्या कसा देऊ जी?" झिंगू विचारी. "बाहेरचा का पेटीतला?" पोचू म्हणे, बाहेरचाच बरा. त्यात राग नव्हता. गाव आपले नुकसान चघळून मऊ करत होते. फक्त कमळाबाई समोर आल्या की रस्त्याची दुसरी बाजू धरत.

आणि मग एका दुपारी त्या स्वतःच कुंपणाशी उभ्या राहिल्या. अडीचचे वाचन नुकतेच झाले होते. त्यांनी पेटीला एक पूर्ण चक्कर मारली, वाकून खालून पाहिले, पट्ट्यांच्या फटीत बोट घालून पाहिले.

"ह्याच्यात ऊन कसं शिरत नाई?"

पोचूने सांगितले. पट्ट्या तिरप्या आहेत. ऊन त्यांवर अडते, वारा मात्र वाट काढतो. छप्पर दुहेरी आहे. वरचे तापते, मधल्या फटीतून वारा ती आच घेऊन जातो, खालच्याला लागू देत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो. बाईंनी हे सगळे, पाळी लावताना ऐकतात तसे, एकाग्रतेने ऐकले.

"मोठी बनवता येते काय?"

"किती मोठी जी?"

"वीसेक माणसं बसन इतकी."

बांबूला कोसमबोडीत तोटा नव्हता. तेंदूपत्त्याचे काम सकाळीच आटोपत असल्याने दुपारचे हातही मोकळे होते. थांब्यावर आधी खांब उभे राहिले. मग बांबू फाडून त्याच्या तिरप्या पट्ट्या बसवल्या गेल्या. पोचूने त्यातल्या बऱ्याच दोनदा काढायला लावल्या, कारण उतार चुकला होता. वर छप्पर म्हणून बांबूच्या एका तट्ट्यावर हातभर फट सोडून दुसरा तट्टा चढला. सोमारीने आणि बायांनी चुना फासला. उत्तरेची बाजू मोकळी ठेवली. बसचा ड्रायव्हर पहिल्या दिवशी थबकून पाहत राहिला. एवढे मोठे खुराडे कशाला, असे त्याने विचारल्याचे झिंगूने नंतर सगळ्यांना सांगितले.

महिना संपला. पोचूच्या जागी पुनम नावाची चामोर्शीची मुलगी आली. किल्ली देताना त्याने तिला श्वास रोखून दाखवला. बाकीचे तिला येतच होते.

नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या दुपारी अडीचला पोचूचे पाय आपोआप उठले. सोमारीने पाहिले आणि त्याचा दुपट्टा त्याच्या हातात दिला. प्रक्षेत्राच्या फाटकापर्यंत तो गेला, तिथे क्षणभर उभा राहिला आणि मग रस्ता ओलांडून पांढऱ्या मांडवात शिरला. सुकलू म्हातारा खांबाशी पेंगत होता. दोन बाया बाजाराच्या पिशव्या पायांत घेऊन बसल्या होत्या. बाहेर डांबर चकाकत होते. आत पट्ट्यांमधून वारा येत होता, गरमच, पण येत होता.

थोड्या वेळाने पुनम आली. टॅब तिने ओढणीच्या टोकात धरला होता. बाकावर मोकळी जागा पाहून तिने तो ठेवला आणि कव्हर काढून घेतले.

"पेटीत नाई ना ठेवला?" पोचूने विचारले.

"नाई जी, भाऊ. इथीच थंड होते."

कमळाबाई बसची वाट पाहत पलीकडच्या टोकाला होत्या. त्या थोड्या सरकून त्याच्या जवळ आल्या. पदराने कपाळ पुसले. "सांगा बाप्पा, आता इथी किती असन?"

पोचूजवळ पाहायला तापमापक नव्हता. त्याने वरच्या दोन तट्ट्यांमधली फट पाहिली, सुकलूचा छातीशी हलणारा श्वास पाहिला.

"जितकं हाये तितकंच, बाई," तो म्हणाला. "इथी वरतून जास्तीचं काई लागत नाई."